बालवाडीत पहिला आश्विन: नव्या ताईंसाठी

पाटण तालुक्यात कोयनेकाठच्या एका गावात मी सोळा वर्षं बालवाडी घेते. जूनमध्ये नवी ताई रुजू होते तेव्हा निम्मी मुलं रडत असतात, जुलै-ऑगस्ट पावसात आणि सर्दी-तापात जातात, मग गणपती येतात. मुलं खऱ्या अर्थाने रुळतात ती भाद्रपद सरता सरता. घट बसतात तेव्हा वर्ग हाताशी आलेला असतो आणि नेमकं त्याच वेळी बाहेर सगळं पिकत, फुटत, वाळत असतं. बालवाडीसाठी वर्षातले हे सहा-सात आठवडे सोन्याचे असतात. पहिल्या वर्षी ते माझ्या हातून वाया गेले. मी मुलांना ठिपके जोडून ‘अ’ गिरवायला बसवलं होतं आणि खिडकीबाहेर तेरड्याची बोंडं फुटत होती.

तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. तीन ते सहा वयाची वीस-पंचवीस मुलं, एक ताई, एक मदतनीस आणि रोजचे तीन तास एवढं गृहीत धरलं आहे. शहरातल्या ताईंना शेताच्या जागी सोसायटीची बाग आणि भाजीमंडई धरावी लागेल. बाकी फारसा फरक पडत नाही.

१. आधी कागद पुरे करा

मुलांना वर्गाबाहेर न्यायचं तर कागद हवेतच. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात पालकांची बैठक घ्या आणि हे गोळा करा:

- परिसरफेरीसाठी पालकांची सही असलेलं संमतीपत्र (सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच पुरतं)
- लसीकरण कार्डाची प्रत
- मुलाला काय सोसत नाही याची नोंद: शेंगदाणा, दूध, एखादं औषध, मधमाशी चावणं
- मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावं आणि दोन फोन नंबर

चौथा मुद्दा सुगीत फार महत्त्वाचा. भातकापणी सुरू झाली की आई-वडील शेतावर असतात आणि न्यायला कधी आजी येते, कधी शेजारचा दादा. यादीत नाव नसलेल्या माणसाच्या हाती मूल देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. वाईटपणा येतो, तो घ्या.

एक जाड वहीही लागेल. प्रत्येक मुलाला दोन पानं. रोज सगळ्यांचं लिहायचं नाही. दिवसाला तीनच मुलं निवडा आणि त्यांनी काय केलं, काय विचारलं ते त्यांच्याच शब्दांत दोन ओळींत टिपा. ‘हुशार आहे’, ‘खोडकर आहे’ असं लिहू नका. ‘सुपात चिंचोके पाखडून पाहिले, उडाले नाहीत म्हणून फुंकर मारली’ असं लिहा. दिवाळीनंतर पालकांशी बोलताना हीच वही तुमच्या बाजूने उभी राहते.

२. सामान: विकत घ्यायचं कमी, मागायचं जास्त

नव्या ताईचा पहिला मोह म्हणजे रंगीत प्लास्टिकचे संच आणि भिंतीवर लावायचे तक्ते. पैसे असतील तर घ्या, पण त्यावाचून अडत नाही. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूकडच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर चाललं. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती. मग पानं, बिया, खडे, शंख-शिंपले, माती यांतूनच त्यांनी साधनं उभी केली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, असंही तिथे झालं. आपल्याला तर मुलं दारात आयती मिळतात.

गावात मागून मिळणारं सामान: दोन पराती, जुनी सुपं, चाळण, रोवळी, करवंट्या, गोणपाट, सुतळी, भाताचा तूस, गेरू, मक्याची कणसं, वाळलेले दोडके, भोपळा. विकत आणायचं ते एवढंच: खडूची पेटी, चार जाड ब्रश, बोथट टोकाच्या कात्र्या आणि झाकणाच्या बरण्या.

३. बिया निवडताना

या पायरीवर घाई करू नका. ‘निसर्गातलं साहित्य’ म्हणून मुलांच्या हाती काहीही देणाऱ्या ताया मी पाहिल्या आहेत.

गुंज दिसायला सुंदर, लाल-काळी, पण विषारी. वर्गात आणूच नका. एरंडाच्या बियांचं तेच. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आपल्यातल्या कित्येकींनी लहानपणी खेळ मांडलेला आहे, तरी त्याही विषारीच. धोतऱ्याचं काटेरी फळ मुलांना फार ओढतं, ते लांबूनच दाखवा. सीताफळाचा हंगाम याच दिवसांतला, म्हणून घरोघरच्या बिया मुलं खिशातून आणतात. ती बी फुटून तिचा चुरा डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. तेव्हा सीताफळाच्या बिया कुटायच्या, फोडायच्या खेळात नकोत. मी तर त्या घेऊन ठेवते आणि जाताना पालकांकडे देते.

दुसरी गोष्ट आकाराची. माझ्या तिसऱ्या वर्षी एका मुलाने घेवड्याचा दाणा नाकात घातला. आम्ही दोघी घाबरलो आणि मदतनीस बोटाने काढायला गेली, तसा तो आणखी आत सरकला. शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्याने काढला. नाकातला दाणा ओलाव्याने फुगतो, तेव्हा बोट घालायचं नाही, पाणी घालायचं नाही, मुलाला शांत ठेवून थेट डॉक्टरांकडे न्यायचं. त्या दिवसापासून माझा नियम असा: तीन-चार वर्षांच्या मुलांना मुठीत मावणार नाही एवढीच वस्तू. कणीस, करवंटी, दोडका, मोठा गोटा. चिंचोके, वाल, घेवडा फक्त पाच वर्षांपुढच्यांना, तेही वाटीत मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. दहा दिले, नऊ आले, तर दहावा सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. यात मोजणीही आपोआप होते आणि मुलांना तिचं कारण कळतं.

भुईमुगाची काढणीही आता चालू असते. शेंगा फोडणं हा बोटांसाठी फार चांगला खेळ आहे, कारण अंगठा आणि तर्जनीची तीच चिमट पुढे पेन्सिल धरते. दाणे मात्र लहानांना अख्खे खायला देऊ नका, ठसका लागून घशात अडकतात. कूट करून गुळाबरोबर द्या. ज्या मुलाच्या नोंदीत शेंगदाणा सोसत नाही असं आहे, त्याला त्या दिवशी शेंगांपासून दूर दुसरं काम द्या.

४. घटाची माती: नऊ दिवसांचा पाठ

घरोघरी परडीत माती पसरून धान्य पेरतात. तेच वर्गात करा, पण सगळं एकत्र न पेरता वेगवेगळं. चार पत्रावळी किंवा पसरट डबे घ्या, तळाला भोकं पाडा आणि गहू, ज्वारी, मूग, हरभरा असे चार पेरा. पाचव्या डब्यात पुन्हा गहू पेरून तो टोपलीखाली अंधारात ठेवा.

पाणी शिंपडायचं ते हाताने. मी पहिल्यांदा प्रत्येक मुलाला एकेक वाटी दिली होती. वीस वाट्या पाण्यात सगळं कुजलं आणि वर्गभर वास सुटला. आता दिवसाला दोघांची पाळी असते. बोटं बुडवायची आणि झटकायची.

पहिले दोन दिवस काही दिसत नाही. मुलं उकरून बघतात. बघू द्या, दोन-चार दाणे त्यासाठीच जास्त पेरायचे. मग मूग वर येतो आणि येताना आपली दोन दलं डोक्यावर घेऊनच येतो. हरभऱ्याची दलं जमिनीतच राहतात, नुसता कोंब वर येतो. गहू-ज्वारीची एकच सुईसारखी पात निघते. तुम्ही आधी काही सांगू नका. नुसतं विचारा, ‘मुगाने काय आणलं? हरभऱ्याने आणलं का?’ एवढ्या प्रश्नावर मुलं जमिनीवर पालथी पडून बघत राहतात.

पाचव्या-सहाव्या दिवशी टोपली उचला. अंधारातला गहू लांब, लुळा आणि पिवळा झालेला असतो. एका मुलीने तो बघून मला सांगितलं होतं, “ताई, ह्याला कावीळ झालीया.” मी वहीत तसंच लिहून ठेवलं. मग आम्ही तो उन्हात ठेवला, तर दोन-तीन दिवसांत हिरवा झाला. हरितद्रव्य हा शब्द त्या मुलीला पुढे कधीतरी मिळेल, त्या शब्दाच्या आतलं तिने तेव्हाच पाहिलं होतं.

पात दिसू लागली की रोज सुतळीचा तुकडा तिच्याइतका कापून कागदावर चिकटवा. तुकडे ओळीने लागले की वाढ डोळ्यांना दिसते. पट्टी नको, सेंटिमीटर नको.

५. परिसरफेरी

वेळ सकाळचीच ठेवा. परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर गडगडाट करत येतो आणि विजांच्या वेळी मुलं मोकळ्यावर नकोत. फेरी अर्ध्या तासाची, एकाच वाटेने, आठवड्यातून दोनदा. वाट रोज बदलायचा मोह होतो, तो टाळा. तीच वाट पुन्हा पाहिली तरच काय बदललं ते मुलांना कळतं.

जाड दोराला हातहातभर अंतरावर गाठी मारा, प्रत्येक मुलाने एक गाठ धरायची. पुढे ताई, मागे मदतनीस. गवत आता कमरेएवढं असतं आणि कापणीच्या दिवसांत साप बाहेर निघतात, म्हणून मळलेली वाट सोडायची नाही. हातात काठी ठेवा, वाटेवर आपटत चला. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर फोनमध्ये असू द्या आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशावरचं औषध (प्रतिसर्पविष) आहे ते आधीच विचारून ठेवा.

बघायला काय मिळतं? दवाने भिजलेली कोळ्याची जाळी, ऊन चढलं की दिसेनाशी होणारी. तारेवर बसणारे चतुर. मुलं त्यांच्या शेपटीला दोरा बांधू पाहतात, तेव्हा पहिल्याच फेरीत स्पष्ट सांगा की बघायचं, बांधायचं नाही. बाभळीखाली पडलेला सुगरणीचा रिकामा खोपा मिळाला तर वर्गात आणा. त्यात एकही गाठ हाताने मारलेली नाही हे मुलांना पटत नाही.

तेरड्याची पिकलेली बोंडं मात्र प्रत्येक मुलाला स्वतः फोडू द्या. बोट लावलं की बोंड फाटकन उलगडतं आणि बिया उडतात. पाच वर्षांच्या मुलाला ‘बी लांब कशी जाते’ हे आणखी कशानेही इतकं चटकन कळत नाही. त्याला जोड म्हणून जुना लोकरी मोजा बुटावरून चढवा आणि वाटेच्या कडेने दहा पावलं चाला. मोज्याला कुसळं आणि आघाडा चिकटून येतो. वर्गात आल्यावर मोजा ओल्या मातीत पुरा आणि काय उगवतं ते पाहा.

६. भोंडला

सूर्य हस्त नक्षत्रात असतो ते दिवस हादग्याचे, साधारण २७ सप्टेंबरपासून पुढचे. आमच्याकडे हादगा, पुण्याकडे भोंडला, विदर्भात भुलाबाई. पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरायचा. मुलगे बाजूला बसतात ते चालू देऊ नका, सगळ्यांनी फेर धरायचा. गाणी कोणती ते तुमच्या गावच्या आज्यांना विचारा. एका आजीला वर्गात बोलवा, तिच्या चालीवर मुलं लगेच धरतात. सगळं गाणं पाठ व्हायलाच हवं असं नाही. फेर, ठेका आणि यमक कानात बसलं की काम झालं.

पण बालवाडीच्या दृष्टीने खरा खेळ आहे तो खिरापत ओळखण्याचा. भाषेचा यापेक्षा चांगला तास मला माहीत नाही. डबा झाकलेला. मुलं आधी ‘पेढा! लाडू! चिवडा!’ ओरडतात. मी नियम घातला: नाव घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. कोरडी की ओली? गोड की तिखट? चमच्याने खायची की हाताने? पहिल्या दिवशी प्रश्न सुचत नाहीत, तुम्हालाच विचारून दाखवावे लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांचे स्वतःचे येतात. ‘चावायला लागती का?’, ‘आजीला चालती का?’ डबा हलवून आवाज ऐकू द्या, झाकण किलकिलं करून वास घेऊ द्या. अबोल मुलाला डबा धरायला द्या, म्हणजे उत्तरं त्यालाच द्यावी लागतात. आमच्याकडे दोन महिने तोंड न उघडलेला एक मुलगा पहिलं वाक्य बोलला ते असंच, डबा पोटाशी धरून: “न्हाय, लाडू न्हाय.”

जुन्या रीतीत पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी वाढत जाते. वर्गात इतके पदार्थ नकोत. वाटाण्याएवढ्या गुळाच्या खड्यांवर तीच रीत पाळा: आज एक, उद्या दोन, पाचव्या दिवशी पाच आणि तिथेच थांबा. ‘उद्या किती?’ हे मुलं आदल्या दिवशीच सांगून ठेवतात.

७. दसऱ्यानंतरची पाटी

पाटीपूजनाला एकाच्या आकड्यांची सरस्वती काढा आणि झेंडूचं तोरण मुलांकडून ओवून घ्या. सुई नको, सुतळीचं टोक मेणात बुडवून कडक केलं की लहानांनाही ओवता येतं. एक झेंडू उकलून दाखवा. प्रत्येक पाकळीच्या तळाशी बी धरणारं काळपट टोक असतं. सुकलेल्या झेंडूंच्या बिया जपून ठेवा. आपट्याचं पान मधोमध दुमडलं की दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात, तेवढ्यासाठी मुलाला एकच पान पुरे. झाडं ओरबाडायची नाहीत. बाजारात आपटा म्हणून कांचनाची मोठी पानंही मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायला लावा.

दुसऱ्या दिवशी दारात पालक उभे असतात. “अवो ताई, पाटी पुजली की आता. पोरगं नुसतं खेळतंय, लिवणार कवा?” हा प्रश्न रास्त आहे. आपण कष्टाने मूल वाढवतो, ते मागे पडू नये ही त्यामागची काळजी असते, तेव्हा त्यांना उडवून लावू नका आणि दबून जाऊन गिरवण्याच्या वह्याही वाटू नका. त्यांना वर्गात बसवा. मुलाच्या हातात पेन्सिल द्या, ती मुठीत कशी धरतो ते दाखवा. मग शेंगा फोडताना त्याचीच चिमट दाखवा. माती मळणं, ओलं फडकं पिळणं, पानं फाडणं यांतून बोटांत जोर येतो आणि तो आला की अक्षर वळतं. शिवाय हातचं राखू नका, रेघा रोज काढून घ्या: फरशीवर गेरूने, अंगणात काठीने, परातीतल्या वाळूत बोटाने. उभी, आडवी, तिरपी, गोल. या चार रेघांत बाराखडीचं बरंच काही असतं हे पालकांच्या लक्षात आलं की बहुतेक जण निश्चिंत होतात. काही जण होत नाहीत आणि मूल इंग्रजी माध्यमात नेतात. माझ्याकडूनही गेली आहेत.

८. कोजागरीचा गृहपाठ

दसरा दशमीचा, कोजागरी पौर्णिमेची. मधल्या पाच रात्री मुलांनी घरच्यांबरोबर चंद्र बघायचा आणि सकाळी तांदळाच्या पिठाने फरशीवर काढायचा. बस्स, एवढंच. ढग आले तर ढग काढायचे.

९. किल्ला

दिवाळीच्या सुटीआधी आठ दिवस सुरुवात करा. मोठ्यांनी किल्ला बांधायचा आणि मुलांनी बघायचा, असा किल्ला बालवाडीत नको. माती चाळणं, तूस मिसळणं, तुडवणं, गोणपाट भिजवणं, सगळं मुलांचं. बुरूज वाकडे होतील, दोनदा ढासळतील. का ढासळला ते त्यांनाच शोधू द्या. पाणी जास्त झालं हे त्यांना दुसऱ्या वेळी कळतंच.

अळीव सुटीच्या चार-पाच दिवस आधी पेरा, म्हणजे घरी जाण्यापूर्वी हिरवळ दिसते. भिजले की ते बुळबुळीत होतात आणि उभ्या चढावरही चिकटून बसतात. मोहरी मात्र घसरते, ती सपाटीवर टाका. आमच्याजवळ दातेगड आहे. तिथली खडकात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर काही मुलांनी पाहिलेली असते, म्हणून आमच्या किल्ल्यात दर वर्षी तशी विहीर खणली जाते. तुमच्या गावाजवळ जो गड असेल, तिथे जाऊन आलेल्या माणसाला बोलवा आणि त्याचं ऐकून किल्ला करा. पणत्या मुलांनी गेरूने रंगवाव्यात, पेटवायच्या नाहीत. फटाके वर्गात नकोत.

१०. सुटीनंतर: टोळीची मुलं

दिवाळीच्या आसपास साखर कारखाने सुरू होतात आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. गावाबाहेर पाचटाच्या (उसाच्या वाळक्या पाल्याच्या) कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. त्यांत तीन ते सहा वर्षांची मुलं असतातच. तुम्ही त्या भागातल्या ताई असाल तर तुमच्याकडे उलटं होईल, दसऱ्यानंतर एकेक बस्कर रिकामं पडेल. तेव्हा टोळी निघण्यापूर्वी लसीकरण कार्ड आईच्या हातात आहे ना, ते बघा. पुढच्या गावात त्याचा उपयोग होतो.

आमच्यासारख्या गावांत त्यांची वाट बघायची नाही, आपणच कोप्यांवर जायचं. संध्याकाळी जा, सकाळी आई-बाप फडात असतात. कागद नाहीत म्हणून मूल परत पाठवू नका. आधी बसवा, कागद नंतर. अंगणवाडी सेविकेला त्याच आठवड्यात कळवा, म्हणजे आहार आणि वजनाची नोंद सुरू होते. मूल धाकट्या भावंडाला काखेत घेऊनच आलं तर त्यालाही बसू द्या, नाहीतर मोठं येणं बंद करतं. भल्या पहाटे उठलेली असतात, अकराच्या सुमारास पेंगतात. एक सतरंजी कोपऱ्यात अंथरून ठेवा.

त्यांच्या बोलीला बाकीची मुलं हसतात, पहिल्याच दिवशी. त्यावर उपदेश करण्यापेक्षा मी परात मधे ठेवते, ओली माती देते आणि बैल करा म्हणते. गावातल्या मुलांचे बैल चार काड्यांवर उभे असतात. टोळीतली मुलं बैलगाडीबरोबरच वाढलेली. ती वशिंड करतात, शिंगांना बाक देतात, मानेवर जू ठेवतात आणि मागे पाचटाची गाडी जोडतात. थोड्या वेळाने बाकीची मुलं परातीभोवती सरकतात आणि वशिंड कसं करायचं ते विचारू लागतात. तेव्हा तुम्ही मधे बोलू नका.